जखमी मांजर दिसलं तर…

"जिन्याखाली एक मांजर येऊन बसलंय. मागचा पाय ओढतंय. दुधाची वाटी ठेवली, तर ढुंकूनही बघत नाही. आता काय करू?"

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात मांडवीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. घडियाळी पोळसारख्या वस्तीत घरं एकमेकांना चिकटलेली असतात. एका अगाशीवरून दुसऱ्या अगाशीवर मांजर सहज जातं, आणि खाली जेमतेम स्कूटर जाईल एवढी गल्ली असते. इथलं मांजर कोणा एकाचं नसतं. एका ओट्यावर खातं, दुसऱ्याच्या पत्र्यावर झोपतं, तिसऱ्याच्या माळ्यावर वितं. त्यामुळे ते जखमी झालं की कळवळा सगळ्या पोळला येतो, पण त्याला उचलायचं कोणी हे कोणालाच कळत नाही.

ही कळवळ्याची परंपरा या भागात जुनी आहे. राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी 1580च्या दशकात हिंदुस्थानात आला होता. इथून फार लांब नसलेल्या खंबायतेत लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी इस्पितळं आहेत, याची त्याने नवलाने नोंद केली. कळवळ्याची वाण आपल्याला कधीच नव्हती. उणीव आहे ती माहितीची, आणि मांजराच्या बाबतीत अपुऱ्या माहितीने केलेली मदत जिवावर बेतू शकते.

1. गप्प बसलंय, म्हणजे बरं आहे का?

नाही. कुत्रा दुखलं की केकाटतो, मांजर लपतं. मांजर शिकारी असलं तरी लहान शिकारी आहे आणि मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. आपण अधू झालोय हे दाखवणं त्याला परवडत नाही. म्हणून कोपऱ्यात अंग चोरून, पाठ वर काढून, कोणाकडे न बघता बसलेलं मांजर "शांत" आहे असं समजू नये. ते बहुधा वेदनेत असतं. घुरघुरण्यावरही भरवसा नको. मांजरं सुखात घुरघुरतात तशी दुखण्यात आणि अगदी मरणाच्या दारातही घुरघुरतात.

मग दुखतंय हे ओळखायचं कसं? कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली. तिच्यात पाचच गोष्टी बघतात: कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. कान बाजूला वळून चपटे झालेत, डोळे अर्धे मिटलेत, तोंडाचा गोलवा जाऊन ते ताणलंय, मिशा ताठ पुढे आल्यात, डोकं खांद्याच्या रेषेखाली गेलंय, असं चित्र असेल तर गुण चढत जातात. चार किंवा त्याहून जास्त झाले की वेदनाशामक हवं. घरी गुण मांडत बसायची गरज नाही. या पाच जागांकडे बघायची सवय लागली तरी पुरे.

दुसरी खूण श्वासाची. हात न लावता, लांबूनच छाती-पोटाची हालचाल 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. समजा 15 सेकंदांत 12 श्वास झाले, तर मिनिटाला 48. निवांत बसलेल्या मांजराचे श्वास साधारण तिसाच्या आत असतात. चाळिशीच्या पुढे गेले तर उशीर करू नये. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजतही बसू नका. कुत्रा उन्हातून आला की जीभ बाहेर काढतो, ते त्याचं रोजचं आहे. मांजराने तसं करणं म्हणजे जवळजवळ नेहमीच संकट असतं.

तिसरी खूण हिरड्यांची, पण ती मांजर बघू देत असेल तरच. गुलाबी असतील तर बरं. पांढऱ्याफटक, निळसर किंवा तपकिरी असतील तर लगेच दवाखाना.

2. पोळमध्ये मांजरं जखमी होतात कशी?

पहिलं कारण पडणं. "मांजर चार पायांवरच पडतं, त्याला काही होत नाही," हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने 1894 मध्ये पडत्या मांजराची एकामागोमाग एक छायाचित्रं काढून दाखवलं, की ते हवेत आधी पुढचं अंग वळवतं, मग मागचं, आणि पाय खाली करून उतरतं. पण पाय खाली असले म्हणून धक्का नाहीसा होत नाही. पायांनी तो पेलला नाही तर हनुवटी जमिनीवर आपटते. खालचा जबडा मधोमध दुभंगतो, टाळूला चीर जाते, छातीत फुप्फुसाला मार बसतो. वरून मांजर धडधाकट दिसतं, फक्त खात नाही.

न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशुरुग्णालयाने 1987 मध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास छापला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली. शिवाय सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना त्याखालून पडलेल्यांपेक्षा कमी इजा झालेली दिसली. वर्तमानपत्रांनी हे मोठ्या हौसेने छापलं. मला त्यात एक खोच दिसते. जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं? आकडे फक्त आणलेल्या मांजरांचे होते. आपल्यापुरता अर्थ एवढाच घ्यावा: मांजर दोन-तीन मजल्यांवरून पडलं असेल तर "एवढ्याने काय होतंय" म्हणू नये, आणि "आता संपलंच" असंही म्हणू नये.

दुसरं कारण चाक. दुपारच्या सावलीत उभ्या गाडीखाली झोपलेलं मांजर उठायच्या आत गाडी सुरू होते आणि शेपूट चाकाखाली येते. लोक बघतात, शेपूट लोंबतेय, म्हणतात, शेपटीवरच निभावलं. हा मोठा गैरसमज आहे. शेपूट जोरात ओढली गेली की तिच्या मुळाशी असलेल्या नसा ताणल्या किंवा तुटल्या जातात, आणि लघवी-शीचा ताबा याच भागातल्या नसांकडे असतो. असं मांजर चालतं, खातं, पण त्याला लघवी होत नाही. मूत्राशय तुडुंब भरतं आणि दोन-तीन दिवसांत विष अंगभर पसरतं. काहींच्या बाबतीत उलट होतं, लघवी सतत ठिबकत राहते. म्हणून शेपूट मेलेल्या दोरीगत लोंबत असेल तर पशुवैद्याला पहिला प्रश्न विचारायचा तो मूत्राशयाचा. शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्यावर मांजराला कळत असेल, तर ताबा परत येण्याची आशा चांगली असते. तोवर दिवसातून काही वेळा हाताने पोट दाबून लघवी काढावी लागते. ती कशी काढायची हे पशुवैद्याकडून समोर बसून शिकावं, वाचून नव्हे.

तिसरं कारण बोक्यांची भांडणं. मांजराचा सुळा बारीक आणि धारदार. कातडीला टाचणीएवढं भोक पडतं आणि ते दुसऱ्या दिवशी बुजतं. जंतू मात्र आत राहतात. दोन ते चार दिवसांनी गालावर, पायावर किंवा शेपटीच्या बुडाशी गरम गळू येतं, ताप चढतो, मग ते फुटतं. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसल्या की किडे पडतात. बघायला हे सर्वांत भयंकर वाटतं, पण जखम खोल नसेल तर अशी मांजरं उपचाराने बहुतेक वेळा चांगली बरी होतात. एक काळजी मात्र घ्यावी: गळूत हळद दाबून वर घट्ट पट्टी बांधू नये. पू आतच साठतो.

चौथं कारण खास या शहराचं. 14 जानेवारीला उत्तरायण, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तारांवर, पत्र्यांवर, कौलांच्या कडांवर लोंबणारा मांजा. पक्ष्यांचे पंख कापले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मांजरांचं वेगळं आहे. दोरा दिसला की ती खेळतात, आणि त्यांच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. तो गिळला जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात उतरतो आणि आतडं त्यावर चुणी पडल्यासारखं गोळा होतं. अशा वेळी तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढायचा नाही. आतला दोरा आतडं करवतीने कापावं तसं कापत येतो. टोक कात्रीने तोडायचंही नाही. तसंच ठेवून मांजर दवाखान्यात न्यायचं. बहुधा शस्त्रक्रिया लागते. नायलॉनचा, म्हणजे ज्याला आपण चायनीज म्हणतो तो मांजा राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंद केला, पण सुती दोराही गिळला गेला तर तितकाच घातक ठरतो.

3. उचलायचं कसं?

मानेची कातडी धरून उचलू नका. ती पद्धत आईची आणि पिल्लांपुरती. जखमी मोठ्या मांजराला तसं उचललं तर मोडकं हाड आणखी सरकतं आणि तुमचा हात फाटतो.

जाड टॉवेल किंवा चादर घ्या. मागून, हळू, डोक्यासकट सगळं अंग झाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं थबकतात. मग गुंडाळीसकट दोन्ही हातांनी उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्याला हवेची भोकं पाडलेली असावीत आणि ती मांजर आत जायच्या आधी. झाकण दोरीने किंवा टेपने बंद करा, नाहीतर रिक्षात ते उघडतं आणि मग मांजर आणि रिक्षावाला दोघांचेही हाल होतात. पाठीला मार लागल्याची शंका असेल तर एखाद्या फळीवर सरकवून न्यावं.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरांनाही होतो. शिवाय मांजराच्या तोंडातले जंतू खोल जखमेत काही तासांत सूज आणतात. "मांजरच तर आहे" म्हणून घरी बसणं हा शुद्ध अविचार.

4. घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका

या प्रकरणातलं एकच पान लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

दुखतंय म्हणून क्रोसिनची, म्हणजे पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. अर्धी नाही, पाव नाही, पाण्यात विरघळवून तर नाहीच. आपलं यकृत हे औषध एका विशिष्ट रसायनाला जोडून निरुपद्रवी करतं आणि बाहेर टाकतं. ती जोडणी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नसतेच. औषधाचं विषात रूपांतर होतं, ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतं आणि रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात.

हिशेब करून बघा. 60 किलोच्या माणसाने 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे साधारण 8 मिलिग्रॅम पडतात. तीच गोळी 3 किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे 166. मांजरांना किलोमागे 10 मिलिग्रॅमनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एक गोळी मांजर मारायला पुरून उरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचंही तेच.

फिनेल आणि डेटॉल जखमेवर नको, आणि मांजर ठेवलेल्या जागेची फरशी पुसायलाही नको. मांजर अंग चाटतं, त्यामुळे कातडीवर लागलेलं सगळं पोटात जातं. कुत्र्यांसाठी मिळणारी काही पिसवांची औषधं, ज्यांत पर्मेथ्रिन असतं, तीही मांजराला झटके आणतात. जखम धुवायला मीठ घातलेलं उकळून गार केलेलं पाणी पुरे: एक लिटरला सपाट दोन चमचे. मोठी जखम असेल तर स्वच्छ ओलसर कापडाने झाकावी आणि निघावं.

5. खायला काय द्यायचं?

दूध नको. चित्रांतलं मांजर दूध पितं, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि जखमी मांजराला वरून जुलाब लागले तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. सुरुवातीला फक्त पाणी, आणि तेही ते स्वतः पीत असेल तर. तोंडात पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जातं.

पण मांजर खात नसेल तर किती थांबायचं? दोन दिवस न खाणं मांजराला माणसापेक्षा कितीतरी महागात पडतं. उपाशी मांजराचं शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवतं. लग्नघरात सगळे पाहुणे एकाच गाडीने उतरावेत आणि आचारी एकटाच असावा, तशी मग यकृताची गत होते. चरबी तिथेच साचते आणि यकृत बंद पडू लागतं. विशेषतः आधी अंगाने भरलेल्या मांजरांत हे लवकर होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर ती पशुवैद्याला सांगायची बाब आहे.

आता घडियाळी पोळमधला खरा अवघड प्रश्न. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजराला काय देऊ?" मी यात गोल उत्तर देणार नाही. मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही. तो मांसामाशांतच असतो, डाळभातात, पनीरमध्ये, दुधपोळीत नाही. तो दीर्घकाळ मिळाला नाही तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय ढिलं पडतं. हृदयाचा हा आजार टॉरिन कमी पडल्याने होतो, हे 1987 मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. तेव्हा शाकाहारी घराला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मांजरांचं तयार कोरडं खाद्य आणि त्याची वेगळी ताटली. कुत्र्यांचं खाद्य चालत नाही.

किती द्यायचं? पशुवैद्य वापरतात ते सोपं गणित असं: वजनाला 30ने गुणा आणि 70 मिळवा. 3 किलोच्या मांजराला 3 × 30 + 70, म्हणजे दिवसाला 160 कॅलरी. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे 40 ते 45 ग्रॅम झाले. उपाशी मांजराला पहिल्या दिवशी याचा तिसरा हिस्सा चार-पाच वेळा विभागून द्यावा आणि तीन दिवसांत पूर्ण मापावर यावं.

6. बोलवायचं कोणाला?

गुजरातमध्ये 1962 हा करुणा ॲनिमल ॲम्ब्युलन्सचा क्रमांक आहे. ही सेवा 2017 पासून चालते आणि ती बेवारस जनावरांसाठीच आहे. महाराष्ट्रातही फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी 1962 हाच क्रमांक आहे. उत्तरायणाच्या सुमाराला गुजरात सरकार करुणा अभियान राबवतं, तेव्हा उपचार केंद्रं वाढतात. पांजरपोळीवर मात्र फार विसंबू नका. तिथली व्यवस्था मुळात गुरांसाठी असते, आणि मांजराला गर्दीत ठेवणं म्हणजे त्याला रोगराईच्या तोंडी देणं. जवळचा खासगी पशुवैद्य माहीत असणं सगळ्यांत उत्तम, पण तो मांजरं तपासतो का हे आधी विचारून ठेवावं.

दवाखान्यात एक कठीण प्रसंग येऊ शकतो. पाठीचा कणा तुटलेला, मागच्या अंगाला खोल वेदनाही कळत नाही, अशा मांजराबद्दल पशुवैद्य दयामरण सुचवतात. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. माझं मत असं, की बरं होण्याची आशा नसलेल्या जनावराला आठवडाभर कण्हत ठेवणं हा आपल्या मनाचा दिलासा आहे, त्याचा नव्हे. पण दुसऱ्या पशुवैद्याचं मत घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

7. खोक्यातले दिवस

मांजराची हाडं चांगली जुळून येतात. कमरेचं हाड मोडलेली अनेक मांजरं शस्त्रक्रियेशिवाय, चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात बंद ठेवल्याने बरी होतात. अट एकच, उडी मारता कामा नये. मोठा पिंजरा, एका टोकाला खाणंपाणी, दुसऱ्या टोकाला वाळूचं घमेलं, आणि मध्ये आडवं ठेवलेलं एक खोकं. हे खोकं शोभेचं नाही. हॉलंडमधल्या एका निवारागृहातल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ज्या नव्या मांजरांना लपायला खोकं दिलं, ती इतरांपेक्षा कितीतरी लवकर स्थिरावली.

पिंजऱ्यावर चादर, घरात गोंगाट कमी, आणि लाड नको. भटकं मांजर तुमच्या मायेने नाही, एकांताने बरं होतं. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा विषाणू कपड्यांवरून, हातावरून पसरतो, आणि लस न टोचलेली पिल्लं त्यात पटापट दगावतात.

8. परत पोळमध्ये

बरं झालेलं मांजर कुठे सोडायचं? जिथून उचललं तिथेच. पोत्यात घालून विश्वामित्रीपलीकडे सोडून येण्याची जुनी रीत आहे. ती रीत सोडून द्यावी, आणि त्या नदीत मगरी आहेत एवढ्याचसाठी नव्हे. आपल्या हद्दीतलं पाणी कुठे, पळायची वाट कुठली, कोणत्या ओट्यावर खायला मिळतं, हे मांजराला ठाऊक असतं. परक्या जागी यातलं काहीच नसतं, शिवाय तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत. मुद्दाम जनावराला अपंग करणं किंवा मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या 325 कलमाखाली गुन्हा आहे, हेही शेजारच्या तापट काकांना सौम्यपणे सांगून ठेवावं.

सोडण्याआधी नसबंदी करून घ्या. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. बोक्याची नसबंदी झाली की भटकणं आणि भांडणं घटतात, म्हणजे ती गळवंही घटतात. शस्त्रक्रियेच्या वेळीच कानाचं टोक किंचित कापून घेतात. ती खूण लांबून दिसते आणि त्याच मांजराला पुन्हा कोणी पकडत नाही.

तीन पायांचं मांजर पोळमध्ये मजेत जगू शकतं, पत्र्यावर चढूही शकतं. आंधळं झालेलं किंवा लघवीचा ताबा गेलेलं मात्र सोडू नये, त्याला घरच हवं. सोडायची वेळ रात्रीची, गल्ली निवल्यावरची. नवरात्रात अंबामातेच्या देवळापुढे पुरुषांचा गरबा रंगतो तेव्हा नको, आणि उत्तरायणाच्या आठवड्यात तर नकोच. खोकं उघडून बाजूला व्हा, ओढून बाहेर काढू नका. पुढचे काही दिवस ठरल्या वेळी ठरल्या जागी खाणं ठेवा, म्हणजे ते दिसत राहील आणि लंगडतंय का हे कळेल.

आणि यंदा उत्तरायण संपलं की पतंग उतरवताना आपल्या अगाशीवरचा, तारेवरचा, पन्हाळीतला सगळा मांजा गोळा करून बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका. एक खोकं, एक जाड टॉवेल आणि पशुवैद्याचा नंबर दाराशी आजच ठेवा.